मदत हवी आहे: मास्ट्रिख्टहून आखेनला आलो, गोवराचा दुसरा डोस आणि पाळणाघर

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आम्ही नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टहून जर्मनीत आखेनला राहायला आलो. अंतर जेमतेम 30-35 किलोमीटर. पूर्वी शनिवारच्या बाजारहाटाला याच गावात यायचो, त्यामुळे आपण देश बदलतोय असं कधी मनातही आलं नाही.

लेक 2 वर्षं 8 महिन्यांची आहे. खूप खटपटीनंतर पाळणाघरात जागा मिळाली, आणि आता तीच जागा अडली आहे. जर्मनीत मार्च 2020 पासून गोवर संरक्षण कायदा आहे. 2 वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचे दोन डोस झाल्याचा किंवा अंगात प्रतिकारशक्ती असल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय पाळणाघर मुलाला घेत नाही. आमच्या डच कार्डावर एकच डोस आहे.

आम्ही एकही तारीख चुकवलेली नाही हो! नेदरलँड्समध्ये गोवर-गालगुंड-रुबेलाचा पहिला डोस 14 महिन्यांना देतात. दुसरा आधी थेट नवव्या वर्षी असायचा, 2025 पासून तो तिसऱ्या वर्षाच्या आसपास आणलाय. जर्मनीत मात्र 11 आणि 15 महिन्यांना दोन्ही डोस उरकतात. तिथल्या हिशेबाने लेक अगदी वेळेवर आहे, इथल्या हिशेबाने जवळजवळ दीड वर्ष मागे.

त्यात आणखी एक गुंता. ती 10 महिन्यांची असताना आम्ही पुण्याला गेलो होतो. आईच्या आग्रहावरून महापालिकेच्या दवाखान्यात तिला एमआरची (गोवर-रुबेला) लस दिली, कारण आपल्याकडे पहिला डोस 9 ते 12 महिन्यांतच देतात. मास्ट्रिख्टला परतल्यावर तिथल्या नर्सने सांगितलं की वर्षाच्या आतला डोस आम्ही धरत नाही, म्हणून 14 महिन्यांना पुन्हा सुरुवात झाली. आता इथे पाळणाघराच्या बाई म्हणतात, डॉक्टरांनी तो डोस धरला आणि तसं लिहून दिलं तर चालेल.

मला वाटायचं, युरोपीय संघात निदान लहान मुलांच्या लसी तरी एकसारख्या असतील. रात्री बसून वाचत गेले तेव्हा चित्र कळलं. अ‍ॅमस्टरडॅमच्या युरोपीय औषध संस्थेने मान्य केलेली लस संघातल्या सगळ्या देशांत चालते. स्टॉकहोमचं रोगप्रतिबंधक केंद्र सर्व सदस्य देशांकडून गोवराचे आकडे गोळा करतं, कोपनहेगनचं जागतिक आरोग्य संघटनेचं कार्यालय 53 देशांचे. या 53 देशांत 2024 मध्ये गोवराचे 1,27,350 रुग्ण नोंदले गेले, 1997 नंतरचा सर्वात मोठा आकडा. म्हणजे साथीवर नजर सगळे मिळून ठेवतात. पण लस कोणत्या महिन्यात टोचायची हे ज्याचं त्याने ठरवायचं, कारण संघाच्या कराराच्या 168व्या कलमाने आरोग्य धोरण सदस्य देशांच्याच हाती ठेवलंय. स्टॉकहोमच्या संकेतस्थळावर दोन देशांची वेळापत्रकं शेजारी-शेजारी लावून बघता येतात (बाहेरून आलेल्या पालकांनी जरूर बघा), आमचा घोळ मला तिथेच उमगला. प्रत्येक देशाची स्वतःची कारणं असणार, ते मला पटतं. पण गोवर काही आखेनच्या वेशीवर थांबत नाही, आणि अशी सीमा ओलांडणारी आमची मुलगी एकटीच नसेल.

तर माझे प्रश्न. पुण्याचा 10व्या महिन्यातला एमआर डोस जर्मनीत कोणाचा धरला गेलाय का? कार्ड मराठी-इंग्रजीत आहे, भाषांतर करून घ्यावं लागलं का? इथले बालरोगतज्ज्ञ नवीन पेशंट घेत नाहीयेत, सर्वात लवकरची वेळ सहा आठवड्यांनंतरची मिळतेय आणि माझी नोकरी त्याआधी सुरू होते. शहराच्या आरोग्य कार्यालयात थेट लस मिळते का? की रक्ततपासणी करून प्रतिकारशक्तीचा दाखला घेणं जास्त सोपं?

शिवाय जर्मनीत जानेवारी 2024 पासून बाळांना मेनिंजायटिस-बी ची लस सुचवतात, डच वेळापत्रकात ती नाही. एवढ्या मोठ्या मुलीला ती आता कोणी घेतली आहे का, आणि विम्याने पैसे दिले का?

आखेन, कोलोन, ड्युसेलडॉर्फ भागातल्या कुणाचा अनुभव असेल तर कृपया कुठल्या कार्यालयात गेलात आणि कोणते कागद नेलेत ते लिहा. सोमवारी सकाळी मी पुण्याचं कार्ड घेऊन जाणार आहे, त्याआधी काही कळलं तर फार बरं होईल.