अनुभव धागा: कामाचा ताण तुमच्या शरीरात कुठे निघाला?

नवऱ्याच्या पाठदुखीसाठी एमआरआयपर्यंत सगळं झालं, आणि शेवटी गाडी ऑफिसवर येऊन थांबली. पुण्यात घरोघरी असं काहीतरी चालू आहे, पण त्यावर कुणी बोलत नाही. तुमचं काय झालं, कशाने बरं वाटलं, सविस्तर लिहा. नाव नको असेल तर राहू द्या.

हिंजवडी, सॉफ्टवेअर
सकाळी उठलं की तोंड पूर्ण उघडायचं नाही. डेंटिस्टबाईंनी हातात आरसा देऊन दाढा दाखवल्या. वरचे उंचवटे घासून सपाट! "झोपेत दात खाता का?" मला पत्ताच नव्हता. बायको म्हणाली, रोज करकर आवाज येतो. अमेरिकेच्या क्लायंटचे कॉल रात्री उशिरापर्यंत, सकाळी पुन्हा वाकडच्या पुलाखालची गर्दी. रात्री दातांवर घालायला नाईट गार्ड दिला, त्याने दाढा वाचल्या. जबडा मात्र प्रोजेक्ट बदलून मिळाल्यावरच मोकळा झाला.

चाकण, शिफ्ट ड्यूटी
शिफ्ट सारखी बदलते. अ‍ॅसिडिटी कायमची, दिवसा झोप लागत नाही. कंपनीच्या तपासणीत बीपी निघालं. गोळी चालू आहे. शिफ्टचं कुणाच्या हातात नाही.

बँक, शहरातली शाखा
मार्च एंडला विम्याचं टार्गेट. कुणाचं किती झालं ते साहेब ग्रुपवर सगळ्यांसमोर टाकायचे. मेसेजची टिंग वाजली की माझ्या छातीत धडधड. एका रात्री हार्ट अटॅक समजून भावाने दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका" म्हणून तिथल्या डॉक्टरांनी वाटेला लावलं नाही. खुर्ची ओढून बसले, पॅनिक अटॅक म्हणजे काय ते समजावलं, मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी दिली. आई म्हणाली, लोक काय म्हणतील. मावशी सोबत आली. आता बरीच सावरले आहे.

डॉक्टर, कोथरूड
वरच्या ताईंनी आधी ईसीजी काढला ते फार बरं केलं. छातीतलं दुखणं परस्पर टेन्शनवर ढकलू नये. चाकणच्या दादांनी बीपीची गोळी मनाने बंद करू नये. मी हल्ली बीपी मोजतानाच कामाचे तास विचारतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त असतो. कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत. मराठीत बोलता येतं.