'बायल्या' हा शब्द बोलण्यातून जावा का?

चर्चाप्रस्ताव
'बाईल' म्हणजे बायको. संतवाङ्मयात हा शब्द सहज येतो आणि गोव्यात कोकणीतला 'बायल' आजही स्त्री व पत्नी या अर्थांनी बिनदिक्कत वापरला जातो. त्याच शब्दापासून झालेला 'बायल्या' मात्र शिवी आहे. आवाज पातळ असला, चालण्यात लचक असली किंवा स्वयंपाकघरात जीव रमला, की मुलाला तो शाळेतच चिकटतो. फारसीतून आलेला 'नामर्द' पुरुषत्वाचा अभाव सांगतो. 'बायल्या' तर स्त्रीशी असलेले साम्यच दोष ठरवतो. हा शब्द आपण टाकून द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १
असहमत. रोजच्या बोलण्यात 'बायल्या' म्हणजे ऐन वेळी कच खाणारा. तेव्हा कोणाच्याही मनात स्त्री नसते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला 'क्लैब्यं मा स्म गमः' (षंढपणा धरू नकोस) असे बजावतो, तेव्हा त्याचा रोख खचलेल्या मनावर असतो. व्युत्पत्ती उकरून शब्द बाद करू लागलो, तर निम्मी भाषा हातची जाईल.

प्रतिसाद २
अर्जुनाचे नाव निघालेच आहे, तर विराटपर्वही पाहावे. अज्ञातवासात स्त्रीवेषातली बृहन्नडा होऊन विराटाची मुलगी उत्तरा हिला नृत्य शिकवणारा हाच अर्जुन, कौरव विराटाच्या गायी पळवतात त्या गोग्रहणाच्या वेळी, तिचा भाऊ उत्तर याचा सारथी होतो. कौरवसेना पाहून राजपुत्र रथातून उडी टाकून पळतो, तेव्हा लांब वेणी आणि तांबडी वस्त्रे उडवत त्याच्यामागे धावणाऱ्या बृहन्नडेला पाहून काही सैनिक हसतात, आणि पुढे त्याच सेनेला ती एकटी परतवते. भेकड कोण आणि स्त्रीवेषात कोण, यात महाभारताने गल्लत केलेली नाही. ती आपला हा शब्द करतो.

प्रतिसाद ३
माझा आक्षेप वेगळा आहे. स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या वेशभूषेचे अनुकरण घरंदाज बायकांनी केले, 1964 साली त्यांना पद्मभूषणही मिळाले. तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला मात्र हेटाळणीच आली, आणि पडद्यावर नाच्या रंगवणाऱ्या गणपत पाटलांना संसारी गृहस्थ असूनही टोमणे ऐकावे लागले. बायकीपणा कोणाचा, हे पाहून समाज मान देतो किंवा हिणवतो. एक शब्द गेला, तर टवाळखोर दुसरा शोधतील.

प्रस्तावकाचे उत्तर
प्रतिसाद ३ मधला भेद मला मान्य आहे. टवाळखोर दुसरा शब्द शोधतीलही, पण म्हणून हा आपण जपावा असे होत नाही. प्रतिसाद १ ला एवढेच विचारतो: भेकड, भित्रा, पळपुटा हे शब्द हाताशी असताना पुरुषाला डिवचायला 'बायल्या'च का लागतो, आणि त्याच्या जोडीला 'हातात बांगड्या भरल्या आहेत का' हा प्रश्न का येतो? मनात स्त्री नसती, तर बांगड्या आल्या नसत्या.