प्रतिसाद: खुर्च्या दोन असल्या तरी जरूर जा

वर एकांनी लिहिलंय, ‘नवरा-बायको दोघंही व्हीलचेअरवर असाल तर असल्या गर्दीत जाऊ नका.’ मला हे अजिबात पटलं नाही. आम्ही दोघंही खुर्चीवर, आणि इंग्लंडात किडरमिन्स्टरला सेव्हर्न व्हॅली रेल्वे या जुन्या, जतन केलेल्या रेल्वेवर १९४०च्या दशकाचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचा काळ उभा करणारा वीकेंड भरतो, तो मनसोक्त पाहून आलो. फक्त आधी फोन करून एकाच डब्यात दोन खुर्च्यांची जागा हवी असं स्पष्ट सांगा. बाकी गार्ड रॅम्प लावतो.

मनात राहिले ते हवाई हल्ल्यापासूनचे निवारे. अँडरसन म्हणजे अंगणात खड्डा खणून अर्धा पुरलेला पन्हाळी पत्र्याचा. त्यात वाकून उतरावं लागतं, म्हणून आम्ही बाहेरूनच पाहिला. मॉरिसन १९४१चा, घरातला. वर पोलादी पत्रा, बाजूंना जाळी. दिवसा जेवणाचं टेबल, रात्री त्याखाली झोपायचं. हिने खुर्ची अगदी टेकवून जाळीतून आत हात घातला आणि वॉर्डनच्या (हवाई हल्ल्यात गल्लीतल्या लोकांची काळजी घेणाऱ्याच्या) वेशातल्या आजोबांना विचारलं, “भोंगा वाजला की आमच्यासारख्यांनी काय करायचं?” ते शिरस्त्राण काढून आमच्या उंचीला उकिडवे बसले. म्हणाले, “कोण कुठल्या खोलीत झोपतं, हे वॉर्डनला ठाऊक असायचं.” हिचे डोळे भरून आले.

१९४४ साली डॉ. गुटमन यांनी इंग्लंडातल्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात युद्धात मणक्याला जखम झालेल्यांसाठी विभाग सुरू केला. तोही युद्धाचाच इतिहास. असल्या सोहळ्यांत तो ठळकपणे दिसायलाच हवा.

आणि हो, सकाळची पहिली गाडी धरा. दुपारी फलाटावर खुर्ची वळवायला जागा उरत नाही.