गेममधला 'स्मर्फ' बँकेतून आलेला नाही!

शब्दवेडा:
काल इथे एकाने छातीठोकपणे लिहिलं की गेममधला 'स्मर्फ' (म्हणजे नव्या खात्याआड लपून नवख्यांशी खेळणारा तगडा खेळाडू) हा शब्द काळा पैसा पांढरा करणाऱ्यांकडून आला. वर सगळ्यांनी माना डोलावल्या. डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितो.

१९९६ च्या सुमारास वॉरक्राफ्ट टू हा गेम ऑनलाइन खेळणारे दोघे इतके तगडे होते की त्यांचं नाव दिसलं की समोरचे काढता पाय घ्यायचे. मग त्यांनी पापास्मर्फ आणि स्मर्फेट ही नावं घेतली आणि लोकांना धू धू धुतलं. पेयो या बेल्जियन चित्रकाराने १९५८ मध्ये काढलेल्या 'स्मर्फ' नावाच्या निळ्या बुटक्यांची ही नावं. बँक आली कुठून यात?

आडवाटेचा:
कालचं मीच लिहिलं होतं. अहो, अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर रोकड भरली की बँकेला सरकारला कळवावं लागतं. ते टाळायला माणसं पाठवून थोडी थोडी रक्कम भरायची. त्या माणसांना ऐंशीच्या दशकातच स्मर्फ म्हणत. असे तुकडे पाडणं १९८६ च्या कायद्याने गुन्हा ठरलं. दोन्हीकडे खरा माणूस लपलेला, आणि शब्द दहा वर्षं आधीचा. हा योगायोग?

रात्रपाळी:
उगम कुठलाही असो, प्रकार घाणेरडा आहे. माझा धाकटा भाऊ खेळायला लागून आठवडा झाला होता. समोर तितकंच नवं खातं, पण तो गडी भिंतीआडून कोण येणार हे आधीच ओळखून नेम धरून बसलेला. भाऊ १९ वेळा मेला, मारले २. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले, परत हात लावला नाही.

जुनाखेळाडू:
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. माझी रँक वर, मित्राची तळाला. रँकमधला फरक जास्त असला की गेम एकत्र खेळूच देत नाही. दुसरं खातं काढलं तर काय पाप केलं?

रात्रपाळी:
मित्राबरोबर साधा सामना खेळा की! रँकवालाच कशाला? तुमच्या त्या दुसऱ्या खात्यापायी समोरच्या पाच जणांची वाट लागते. २०२३ मध्ये डोटा टू या गेमने ९०,००० स्मर्फ खाती बंद केली, पुढे मुख्य खात्यावरही कारवाई करू म्हणाले. उगाच?

जुनाखेळाडू:
मी मुद्दाम कोणाला छळलेलं नाही. आवाज चढवू नका.

शब्दवेडा:
धागा शब्दाचा आहे, मंडळी! आडवाटेचा, तुमचा शब्द आधीचा, मान्य. पण त्या दोघांनी टोपणनावंच त्या बुटक्यांची घेतली. 'पापा' आणि 'स्मर्फेट' बँकेत कोण म्हणतं?

आडवाटेचा:
'स्मर्फेट'चं उत्तर माझ्याकडे नाही. बरं, गेममधला शब्द थेट कार्टूनमधून आला असं धरू. पण बँकवालेही त्याच बुटक्यांवरून म्हणायला लागले, म्हणजे दोघे चुलत भाऊ. एवढं तरी लिहा वर.

शब्दवेडा:
चुलत भाऊ चालेल. बाप नाही.

रात्रपाळी:
जुनाखेळाडू, ते दुसरं खातं अजून चालू आहे का? तेवढं सांगा.