विषय: दक्षिण नाहन्नी नदी आणि पुढच्या उन्हाळ्याची सहल

पहिले पत्र

सप्रेम नमस्कार मंडळी,

पुढच्या उन्हाळ्यात कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधील दक्षिण नाहन्नी नदीवर सहल नेण्याचा प्रस्ताव सहल समितीने मांडला, त्याचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र सोबतच्या टिपणात निम्मा मजकूर मुंडकी नसलेल्या सांगाड्यांवर आणि हरवलेल्या सोन्याच्या खाणीवर खर्च झाला आहे. नदी उगवते कुठे, मिळते कशाला, तिच्या काठी कोण राहते, याबद्दल त्यात जवळजवळ काहीच नाही. आपल्यापैकी कोणी भूगोल शिकवला आहे, कोणी उत्तरेत नोकरी केली आहे. त्यांनी थोडे सविस्तर लिहावे, ही विनंती. शिवाय आमच्यासारख्या, साठी ओलांडलेल्या आणि हातात कधी वल्हे न धरलेल्या माणसांना तिथे जाता येईल का, हेही कळावे.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद

दुसरे पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आपण विचारले ते बरे झाले, कारण या नदीविषयी सांगण्यासारखे इतके आहे की सांगाड्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागावा.

युकॉनच्या सीमेलगतच्या डोंगरांत उगम पावून ही नदी साधारणपणे आग्नेयेकडे वाहते आणि पाचशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून नाहन्नी ब्यूट या गावाजवळ लिआर्ड नदीला मिळते. लिआर्ड फोर्ट सिम्प्सनपाशी मॅकेंझीला मिळते आणि ते सारे पाणी अखेर आर्क्टिक महासागरात जाते. या वाटेवर कुठेही धरण नाही. एके काळी येथील धबधब्यावर वीजनिर्मिती करण्याची चर्चा गंभीरपणे झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे नदी मोकळी राहिली याचे मोल कळते.

मला स्वतःला या नदीत सर्वांत विलक्षण वाटते ती तिच्या घळयांची घडण. सपाट प्रदेशातून संथपणे वाहणारी नदी नागमोडी वळणे घेते, हे आपण शाळेत शिकलो. डोंगरातली नदी सहसा अशी वळत नाही. नाहन्नी मात्र हजार मीटरहून उंच कड्यांच्या तळाशी अगदी मैदानी नदीसारखी वळत जाते. याचे कारण असे की नदी आधीची आहे आणि डोंगर नंतरचे. जमीन सावकाश वर उचलली जात असताना नदीने आपला मार्ग सोडला नाही. ती त्याच वळणांनी खाली खाली कापत गेली. शेवटच्या हिमयुगात या घळयांच्या भागावर हिमनद्या पसरल्या नाहीत, म्हणून त्या घासल्या गेल्या नाहीत आणि त्यांचे कडे आजही उभे राहिले आहेत. चार घळयांना खालून वर असे क्रमांक दिलेले आहेत, त्यामुळे प्रवाहाबरोबर येणाऱ्याला आधी चौथी लागते आणि शेवटी पहिली. तिसऱ्या घळईत नदी एकाएकी वळून उभ्या कड्यांमधल्या अरुंद फटीतून जाते. त्या जागेला 'द गेट' म्हणतात.

चौथ्या घळईच्या माथ्यावर व्हर्जिनिया धबधबा आहे. त्याची उंची ९६ मीटर आहे, म्हणजे नायगाराच्या जवळजवळ दुप्पट. प्रवाहाच्या मधोमध एक प्रचंड कातळ उभा असल्याने पाणी दोन बाजूंनी कोसळते. धबधबा हजारो वर्षे कातळ झिजवत मागे सरकत गेला आणि त्यानेच ही चौथी घळई कोरली. १९२८ साली एका अमेरिकन प्रवाशाने आपल्या मुलीचे नाव त्याला दिले. येथील मूळ रहिवासी असलेल्या डेने लोकांचे त्याआधीपासूनचे नाव नाइलिचो आहे, आणि आता दोन्ही नावे बरोबरीने लिहिली जातात.

याच मुद्द्यावर मला थोडे थांबायचे आहे. आपल्या टिपणात या खोऱ्याला 'निर्मनुष्य' म्हटले आहे, ते कृपया काढून टाकावे. डेने लोक येथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार करीत, मासे धरीत आणि राहत आले आहेत. डोंगरातली डेने कुटुंबे वसंतात नदी फुगली की मूस या मोठ्या हरणाच्या कातड्याची होडी बांधत. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या खोडांचा सांगाडा उभा करायचा, सहा-आठ किंवा त्याहून अधिक ओली कातडी एकमेकांना शिवून त्यावर ताणून बसवायची, शिवणींवर स्प्रूसचा डिंक आणि चरबी माखायची, आणि मग मुलेबाळे, कुत्रे, हिवाळाभर जमवलेली फर असे सगळे त्यात घालून व्यापारी ठाण्यापर्यंत उतरायचे. खाली पोहोचल्यावर होडी सोडवून कातडी कमावण्यासाठी काढून घ्यायची, सांगाडा तिथेच टाकायचा आणि परतीच्या वाटेवर कुत्र्यांच्या पाठीवर ओझी लादून चालत डोंगर चढायचे. ज्या पाण्यावर आपण साहस म्हणून जाणार आहोत, त्या पाण्यावरून ही माणसे संसार घेऊन उतरत होती.

राष्ट्रीय उद्यानाची कथाही याच्याशी जोडलेली आहे. १९७० मध्ये पंतप्रधान पिएर ट्रुडो या नदीवर येऊन गेले, १९७२ मध्ये उद्यानासाठी सुमारे ४,७६६ चौरस किलोमीटर जमीन राखली गेली आणि १९७८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या अगदी पहिल्या बारा स्थळांत नाहन्नीचा समावेश झाला. तो पट्टा नदीच्या दोन्ही काठांपुरता अरुंद होता; खोरे संरक्षणाबाहेर ठेवून फक्त प्रवाह जपता येत नाही, हे डेने नेतृत्व सातत्याने सांगत राहिले. २००९ मध्ये उद्यान सुमारे ३०,००० चौरस किलोमीटरपर्यंत वाढवले गेले, आणि पुढे उगमाकडच्या भागात नाट्सिचो हे वेगळे राखीव उद्यान झाले. दोन्हींच्या नावात 'राखीव' हा शब्द आहे, कारण जमिनीच्या हक्काचा प्रश्न अजून पूर्णपणे मिटलेला नाही.

आपली,
भूगोलाची निवृत्त शिक्षिका

तिसरे पत्र

ताई, नमस्कार.

ते टिपण मीच लिहिले होते. 'निर्मनुष्य' हा शब्द काढतो. परंतु मॅक्लाउड बंधूंची कथा पूर्ण वगळू नये, असे माझे मत आहे. सोन्याच्या शोधात गेलेल्या विली आणि फ्रँक यांचे सांगाडे १९०८ मध्ये सापडले आणि त्यांची मस्तके नव्हती असे सांगितले गेले, यावरूनच 'डेडमेन व्हॅली' हे नाव नकाशावर कायम झाले. नावाचे कारण सांगणे हा इतिहासच आहे.

सहल समितीचा सदस्य

चौथे पत्र

स. न. वि. वि.

कथा वगळू नये, हे मला मान्य आहे. तिची जागा तेवढी बदलावी. मॅक्लाउड बंधू फोर्ट लिआर्डच्या व्यापारी ठाण्याच्या अधिकाऱ्याचे मुलगे होते, म्हणजे या मुलखातच वाढलेले होते, हे सहसा सांगितले जात नाही. त्यानंतर आलेल्या अनेकांना दंतकथेतली खाण सापडली नाही. अल्बर्ट फेल यांचे उदाहरण माझ्या मते अधिक सांगण्याजोगे आहे. १९२० च्या दशकात ते येथे आले आणि पुढची कित्येक दशके जवळजवळ प्रत्येक उन्हाळ्यात नदी चढत राहिले. धबधब्यापाशी होडी पुढे नेता येत नसे, म्हणून ते सामान आणि फळ्या पाठीवरून वर वाहून नेत आणि धबधब्याच्या वर पुन्हा होडी उभी करीत. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. सोने मिळाले नाही, पण या नदीची त्यांच्याएवढी माहिती असलेले बाहेरचे लोक फारच थोडे होते.

आता काकांच्या प्रश्नाविषयी. फोर्ट सिम्प्सनपर्यंत आल्बर्टातून मॅकेंझी महामार्गाने गाडीने जाता येते. उन्हाळ्यात लिआर्ड नदी तरीने ओलांडावी लागते. तेथून पाण्यावर उतरणारे छोटे विमान धबधब्याच्या वरच्या शांत पात्रात उतरते. तिथून पायवाटेने चालत धबधबा पाहून त्याच दिवशी परतता येते. यासाठी वल्हे धरावे लागत नाही. ज्यांना धबधब्याखालून नाहन्नी ब्यूटपर्यंत कनूने (वल्ह्याच्या लांबट होडीने) किंवा राफ्टने (तराफ्याने) उतरायचे आहे, त्यांनी आठवडा-दहा दिवस राखून ठेवावेत आणि परवानाधारक मार्गदर्शकाबरोबरच जावे. सरावलेल्या माणसाला हे पाणी अतिअवघड नाही, पण ते बर्फासारखे थंड असते आणि होडी उलटली तर मदत विमानानेच येते. उद्यानाच्या कार्यालयात जाताना नोंद करावी लागते आणि परतल्यावरही कळवावे लागते; हा नियम सर्वांनी पाळलाच पाहिजे. पहिली घळई संपल्यावर क्राउस येथे गंधकाच्या वासाचे गरम पाण्याचे झरे आहेत. वज्रेश्वरीला गेलेल्यांना तो वास ओळखीचा वाटेल.

वरच्या अंगाला रॅबिटकेटल येथे झऱ्याच्या पाण्यातील चुन्याचे थर साचून सुमारे २७ मीटर उंचीचा पायऱ्यापायऱ्यांचा ढीग तयार झाला आहे. तो अतिशय ठिसूळ आहे आणि डेने लोकांसाठी पवित्र आहे, म्हणून उद्यानाच्या कर्मचाऱ्यासोबतच आणि पादत्राणे काढूनच त्यावर जाऊ देतात. आपल्या मंडळींना हे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

आपली,
भूगोलाची निवृत्त शिक्षिका

पाचवे पत्र

ताई, मनःपूर्वक आभार. समितीने दोन वेगळ्या याद्या कराव्यात, एक गाडीने आणि विमानाने जाणाऱ्यांची व दुसरी नदीतून उतरणाऱ्यांची. पहिल्या यादीत माझे आणि माझ्या पत्नीचे नाव घालावे. विमानात जागा मोजक्याच असतात, तेव्हा इतरांनीही या महिनाअखेरपर्यंत कळवावे.

मंडळाचा एक जुना सभासद