मलेरियाचा पीएफ पॉझिटिव्ह आलाय, आज रात्री काय बघायचं?

सी-१०४: आपल्या वॉचमनकाकांचा पुतण्या मागच्या आठवड्यात गडचिरोलीहून आलाय. रिपोर्ट आला, मलेरिया, पीएफ (फॅल्सिपेरम जातीचा) पॉझिटिव्ह. गोळ्या सुरू झाल्यात, ताप आत्ता १००. खोलीवरच ठेवायचं म्हणतायत. रात्री लक्ष कशावर ठेवायचं?

बी-७०२ (डॉक्टर): तापापेक्षा शुद्धीवर. फॅल्सिपेरमचे जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून चिकटतात, रक्त पुढे सरकत नाही. चिकटलेल्या पेशी बोटाच्या थेंबात येत नाहीत, म्हणून स्लाइडवर जंतू कमी दिसले तरी निर्धास्त राहू नका. दर दोन तासांनी उठवा, नाव, गाव, वार विचारा. असंबद्ध बोलणं, उठवूनही न उठणं, झटका, उभं न राहता येणं, धाप, काळपट लघवी, पिवळे डोळे: एकही दिसलं तर लगेच १०८. सकाळची वाट बघू नका.

सी-१०४: गोळी उलटून पडली तर?

बी-७०२ (डॉक्टर): अर्ध्या तासाच्या आत पडली तर तोच डोस पुन्हा. परत पडली तर ॲडमिट.

ए-५०१: मेंदूला सूज येते ना? मग स्टेरॉइड द्यायला सांगायचं का?

बी-७०२ (डॉक्टर): अजिबात नाही. थायलंडमध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन पाहिलं होतं, निष्कर्ष १९८२ साली आले. रुग्ण जास्त वेळ बेशुद्ध राहिले, वर न्यूमोनिया आणि पोटातला रक्तस्राव वाढला. सूज उतरवायला देतात त्या मॅनिटॉलचंही तेच, २०११च्या भारतीय अभ्यासात बेशुद्धी लांबली. मेंदू वाचतो तो जंतू लवकर मारल्याने. त्यासाठी शिरेतून आर्टेसुनेट: किलोमागे २.४ मिग्रॅ, दाखल होताच, मग १२ आणि २४ तासांनी, पुढे रोज एकदा. २० किलोंखालच्या मुलांना किलोमागे ३ मिग्रॅ. क्विनाइन या जुन्या औषधापेक्षा याने मृत्यू कमी होतात, हे २००५ आणि २०१०च्या मोठ्या चाचण्यांत दिसलंय. हॉस्पिटलला फोन करून आधीच विचारा, आर्टेसुनेट हाताशी आहे का. ६० किलोंच्या माणसाला पहिल्या डोसलाच १४४ मिग्रॅ, म्हणजे ६० मिग्रॅच्या तीन व्हायल (औषधाच्या कुप्या) लागतात.

बी-३०३ (आयसीयू नर्स): रक्तातली साखर विसरू नका. मलेरियात ती घसरते, क्विनाइन चालू असेल तर आणखीच, आणि बेशुद्ध माणसात वरून कळत नाही. आम्ही दर चार तासांनी बघतो. ४०च्या खाली म्हणजे धोका, डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) शिरेतूनच. घरी शुद्धीत असेल तर साखरपाणी द्या, गुंगीत असेल तर तोंडात थेंबही घालू नका, श्वासनलिकेत जातं. झटका आला तर कुशीवर वळवा. चमचा, चप्पल, कांदा काही नको. आणि वेळ बघून ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

ए-५०१: सलाइन चढवून घेतलं तर तरतरी येईल?

बी-३०३ (आयसीयू नर्स): भराभर चढवलं तर फुफ्फुसात पाणी होतं. मोजूनच द्यावं लागतं.

ए-२०५ (समिती): आपल्याकडे पसरेल का?

बी-७०२ (डॉक्टर): शहरातला मलेरियाचा डास वरच्या टाकीतल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि रात्री चावतो. त्यामुळे पोराला आजपासून मच्छरदाणीत झोपवा. ओव्हरफ्लो पाइपला जाळी लावा, झाकणाची फट बुजवा. कोर्समधली प्रायमाक्विन चुकवू नका, रक्तातून डासात जाणारी अवस्था तीच मारते. आर्टेसुनेटचं इंजेक्शन लागलंच, तर नंतर महिनाभर दर आठवड्याला हिमोग्लोबिन बघा. उशिरा रक्तपेशी फुटतात कधीकधी.

ए-२०५ (समिती): जाळ्या उद्या सकाळी प्लंबरकडून लावून घेतो. मच्छरदाणी पाठवतोय. १० आणि १२ला मी बघतो, २ आणि ४ला कोण?

सी-१०४: मी.