सात सीटर गाडी: बॅटरी रात्रीत उतरते, हेडलाइट मंद

प्रश्न: १४ वर्षं जुनी डिझेल गाडी. बॅटरी नवी, तरी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ ओढत नाही. मागचा एसी लावला की हेडलाइट मंद होतात. अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) बदलू का?

घाटवाट: आधी बॅटरीचे व्होल्ट मोजा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.५ हवेत. तेवढे मिळाले तर अल्टरनेटरला हात लावू नका.
गळती (गाडी बंद असतानाही वाहणारा करंट) बघायला बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा आणि मल्टिमीटर १० अँपिअरवर ठेवून टोक आणि केबलच्या मध्ये जोडा. दारं लॉक करून अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढा. ज्याने आकडा पडेल ते सर्किट दोषी. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

तांब्याची_तार: बहुतेकदा बाहेरून बसवलेला स्टिरिओ किंवा जीपीएसच निघतो.
मंद लाइटसाठी अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी जोडणी) बघा. इंजिन चालू, सगळा लोड चालू. बॅटरीचं निगेटिव्ह टोक ते इंजिन ब्लॉक ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर केबल गंजली आहे. बोल्टखालचा रंग-गंज घासून मगच आवळा.

प्रश्नकर्ता: मागच्या दाराच्या रबरी नळीतल्या वायरीही तुटतात ना?

तांब्याची_तार: हो, वाकून वाकून. सोल्डर नको, लवचिक वायर टाका.